नांदूर मध्यमेश्वर आणि हरिहर : कॅमेऱ्याच्या बॅटरीविषयी पुढे जाणाऱ्यांसाठी

बॅटरीवर छापलेला एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा आणि कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातील फोटोंची संख्या, या दोहोंवर विसंबून कोणीही हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊ नये. नाशिकचा हा प्रवास मी पक्ष्यांसाठी आणि हरिहर गडासाठी केला होता. परंतु त्यातील सर्वांत महत्त्वाची सकाळ एका बॅटरीने वाया घालवली, आणि ज्या दुकानात ती घेतली तेथे जे सांगण्यात आले ते निखालस खोटे होते. वाचणाऱ्यांकडे कॅमेरा, लांब पल्ल्याची लेन्स, उबदार कपडे आणि गड चढण्याची ताकद आहे असे धरून मी केवळ विजेच्या हिशेबाविषयी लिहीत आहे, कारण त्याविषयी निघण्यापूर्वी कोणी काही सांगत नाही.

माझा कॅमेरा सोनीचा ए७ थ्री हा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, असून त्याला एनपी-एफझेड१०० ही बॅटरी लागते. मूळ बॅटरी ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएचची, म्हणजे गुणाकार केला तर सुमारे १६.४ वॅट-तासांची असते, आणि तिचे वजन ८३ ग्रॅमच्या आसपास भरते. जोडीला दुसरी असावी म्हणून नाशिकच्या बाजारात एका दुकानात विचारले, तेव्हा विक्रेत्याने निम्म्याहून कमी किमतीची एक वेगळीच बॅटरी पुढे केली. “साहेब, ओरिजिनलपेक्षा एमएएच जास्त आहे, बघा, वर लिहिलंय. दोन दिवस चार्जिंगला हात लावायला नको,” असे त्याने ठामपणे सांगितले. वर २६०० एमएएच असे ठळक छापलेले होते. पक्के बिल मागितल्यावर मिळाले ते कच्च्या कागदावरचे, आणि हमीविषयी विचारताच “आम्ही इथेच आहोत” एवढेच उत्तर आले. जेथे बिल असे आणि हमी अशी मिळते, तेथून बॅटरी घेऊ नये, हा माझा पहिला आणि न बदलणारा निष्कर्ष आहे.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ आहे. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झाले, तेव्हापासून तेथे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते. चापडगावच्या बाजूने आत गेल्यावर निरीक्षण मनोरे आहेत, आणि प्रकाश कोवळा असेपर्यंतच खरे काम होते. ऊन चढले की पाण्यावरची चमक आणि उष्ण हवेची थरथर फोटो बिघडवते. म्हणून पहाटे अंधारात निघावे लागते, आणि या निफाड तालुक्यातील पहाट ही महाराष्ट्रातील सर्वांत थंड पहाटांपैकी एक असते. ज्या भागात थंडीपासून द्राक्षे वाचवण्यासाठी शेतकरी बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, त्या भागात कॅमेऱ्याची बॅटरीही गारठते, याचा विचार नाशिक शहरातून निघताना फारसा कोणी करत नाही.

मी नवी बॅटरी पूर्ण चार्ज करून कॅमेऱ्यात घातली होती आणि मूळ बॅटरी पाठीवरच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली होती. मनोऱ्यावर बसून पाऊण तासही झाला नव्हता. धुके विरळ होऊ लागले होते, पाणथळीच्या कडेला चमचे आणि चित्रबलाक हे पक्षी दिसू लागले होते, आणि त्याच वेळी दलदली हारिन (मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी) अगदी खालून, गवताला लागून फेरी मारू लागला. पडद्यावर ४८ टक्के शिल्लक दिसत होते. हारिन वळून समोर आला, मी बटण दाबून धरले, आणि कॅमेरा बंद पडला. ४८ वरून ३०, मग ७, मग काळा पडदा, असा प्रकार काही क्षणांत घडला. मूळ बॅटरी घातली तर तीही गारठलेली असल्यामुळे पूर्ण भरलेली असूनही लवकर उतरू लागली. ती अंगातल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून पुन्हा लावली तेव्हा काही प्रमाणात सावरली, पण तोवर हारिन दूर गेला होता आणि प्रकाशही कडक झाला होता. बाकी सर्व गोष्टी तेथे उत्तम होत्या, तरीही त्या सकाळीविषयी मला अजूनही हीच घटना आठवते.

याची कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण थंडीचे : लिथियम-आयन बॅटरीत थंडीमुळे आतील रासायनिक हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे लेन्स फिरवताना किंवा सलग फोटो काढताना विजेची मागणी एकदम वाढली की व्होल्टेज कोसळते आणि कॅमेरा बॅटरी संपली असे समजून बंद होतो. वीज आत असतेच. बॅटरी उबदार झाली की ती परत मिळते. म्हणून जादा बॅटरी पिशवीत नव्हे, तर अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवावी, आणि त्याच खिशात नाणी किंवा किल्ल्या नसाव्यात, कारण उघड्या टोकांवर धातू टेकला तर शॉर्ट सर्किट होऊ शकते. बॅटरीबरोबर येणारे प्लॅस्टिकचे झाकण अनेक जण फेकून देतात. ते याचसाठी असते.

दुसरे कारण फसवणुकीचे आहे. घरी आल्यावर ती बॅटरी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली, तर ती मूळ बॅटरीपेक्षा जवळपास १५ ग्रॅम हलकी भरली. त्याच आकाराची बॅटरी जास्त क्षमतेची असूनही इतकी हलकी असणे शक्य नाही, कारण क्षमता आतील रसायनांच्या प्रमाणावर अवलंबून असते आणि रसायनांना वजन असते. किती वीज आत गेली हे दाखवणाऱ्या चार्जरवर पूर्ण रिकाम्या अवस्थेपासून ती भरली, तेव्हा आकडा १५०० एमएएचच्या आसपास थांबला. शिवाय अशा बॅटऱ्यांतील चिप कॅमेऱ्याला शिल्लक विजेची विश्वासार्ह माहिती देत नाही, त्यामुळे पडद्यावरच्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. कमी क्षमता एकवेळ सांभाळून घेता येते. खोटी टक्केवारी मात्र बॅटरी बदलण्याची वेळच कळू देत नाही.

आता माहितीपत्रकातील आकड्याविषयी. ए७ थ्रीसाठी मागील पडदा वापरल्यास ७१० आणि व्ह्यूफाइंडर वापरल्यास ६१० फोटो असा आकडा दिलेला आहे. तो सीपा या जपानी संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीने काढला जातो : २३ अंश तापमान, दर ३० सेकंदांनी एक फोटो, दर १० फोटोंनंतर कॅमेरा बंद. ही पद्धत निरनिराळ्या कॅमेऱ्यांची तुलना करण्यासाठी चांगली आहे, परंतु मनोऱ्यावर बसलेल्या माणसाचा दिवस तसा जात नाही. तो कधी एका मिनिटात शेकडो फोटो काढतो आणि कधी अर्धा तास एकही न काढता व्ह्यूफाइंडरमधून पाहत, बटण अर्धे दाबून फोकस धरून बसतो. सलग काढलेल्या फोटोंना तुलनेने कमी वीज लागते. खरा खर्च जागे राहण्याचा असतो. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर, पडदा आणि प्रोसेसर सतत चालू असतात, तर आरशाच्या कॅमेऱ्यात काचेतून पाहताना जवळपास काहीच खर्च होत नाही. म्हणूनच निकॉन डी७५० सारखा जुना कॅमेरा त्याच पद्धतीने मोजला असता १२३० फोटोंपर्यंत जातो. मिररलेस घेऊन जाणाऱ्यांनी फोटो मोजणे सोडून कॅमेरा किती तास जागा राहणार आहे हे मोजावे. थंड पहाटेपासून दुपारपर्यंतच्या पक्षिनिरीक्षणासाठी दोन मूळ बॅटऱ्या ही किमान गरज आहे, चैन नव्हे. कॅमेऱ्यातील विमान मोड चालू करावा, बटण न दाबताही फोकस शोधत राहणारी प्री-एएफ ही सोय बंद करावी, आणि कॅमेरा आपोआप झोपी जाण्याची वेळ एक मिनिटावर आणावी. काढलेले फोटो तेथेच मोठे करून पाहत बसण्याची सवय सर्वांत खर्चिक आहे. ते काम खोलीवर परतल्यावर करावे.

गंगापूर धरण आणि पांडवलेणी येथील फेऱ्या उबदार उन्हात आरामात झाल्या आणि बॅटरी पुरली. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

हरिहरसाठी आम्ही निरगुडपाड्याच्या बाजूने गेलो. बरोबर माझे मेहुणे होते, आणि त्यांच्याकडे निकॉनचा कूलपिक्स एल८४० आहे, ज्याला चार पेन्सिल (एए) सेल लागतात. ते सेल सकाळीच उतरले होते म्हणून वाटेतल्या एका टपरीवर नवे घेतले. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीच्या दुप्पट पैसे मागण्यात आले. मेहुण्यांनी किंमत दाखवली तर “दादा, वर न्यायचं असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या,” असे सांगितले गेले. कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे बेकायदेशीर आहे आणि त्याविषयी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते; पाकीट जपून ठेवावे आणि किमतीचा फोटो काढावा. अधिक गंभीर गोष्ट अशी की त्या सेलवर “हेवी ड्युटी” असे लिहिलेले होते. हे शब्द जोरदार वाटतात, परंतु ते झिंक प्रकारच्या सेलवर असतात, आणि हे सेल अल्कलाइनपेक्षाही कमकुवत असतात. भिंतीवरच्या घड्याळाला ते कित्येक महिने चालवतात, कारण घड्याळाला अत्यल्प वीज लागते. कॅमेऱ्याने झूमची मोटर फिरवताच त्यांचे व्होल्टेज पडते. मेहुण्यांचे मोजके फोटो निघाले आणि कातळातल्या पायऱ्या सुरू होण्यापूर्वीच कॅमेरा मिटला.

त्या पायऱ्या म्हणजे जवळजवळ उभा कातळ आहे. दोन्ही हात बाजूच्या खोबण्यांत गुंतलेले असतात, खाली आणि वर माणसे असतात, आणि शनिवार-रविवारी रांग लागते. तेथे सेल बदलणे अशक्य आहे आणि तसा प्रयत्नही कोणी करू नये. खालच्या सपाटीवरच भरलेली बॅटरी घालावी, कॅमेरा पूर्ण बंद करून पिशवीत ठेवावा, आणि वर पोहोचल्यावरच बाहेर काढावा. हे लिहिताना पोटऱ्या अजून दुखत आहेत, त्यामुळे शब्द कठोर झाले असतील, पण त्या पायऱ्यांवर एका हातात कॅमेरा धरून चढणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते दृश्य भयंकर होते.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असलेल्यांनी पुनर्भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत, आणि त्यांतही वापर नसताना आपोआप कमी उतरणारे घ्यावेत. सान्योने २००५ साली एनेलूप या नावाने असे सेल बाजारात आणले आणि आता ते पॅनासॉनिककडे आहेत. त्यांवर १.२ व्होल्ट लिहिलेले पाहून १.५ व्होल्टचा अल्कलाइन बरा असे वाटते, परंतु कॅमेऱ्याच्या जड मागणीखाली अल्कलाइनचे व्होल्टेज लवकर १.२ च्या खाली जाते, तर हे सेल शेवटपर्यंत तेथेच टिकून राहतात. साधा एनेलूप २००० एमएएचच्या आसपासचा असतो. पेन्सिल सेलच्या आकारात ४००० असा दावा दिसला तर तो सेल हातात घेऊ नये. चारही सेल एकाच वेळी घेतलेले आणि एकत्रच वापरलेले असावेत, कारण एक कमजोर सेल उरलेल्या तिघांनाही अडवतो. एल८४० मध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय आहे. ती अल्कलाइनवर राहिली तर शिल्लक विजेचे चिन्ह चुकीचे दिसते. अडीअडचणीसाठी एकदाच वापरायचे लिथियम सेल हलके असतात, थंडीत उत्तम चालतात आणि वर्षानुवर्षे टिकतात, मात्र ते महाग असतात आणि गावात मिळत नाहीत, म्हणून ते घरूनच न्यावेत.

त्र्यंबकेश्वरला मुक्काम करणाऱ्यांनी बोर्डाची वायर बरोबर ठेवावी. आमच्या खोलीत वापरण्याजोगे सॉकेट एकच होते आणि रात्रीतून दोन बॅटऱ्या, सेलचा चार्जर आणि फोन एवढे सगळे त्यावर भरणे शक्य नव्हते. पॉवर बँक उपयोगी आहे, परंतु कॅमेऱ्यातच केबल लावून बॅटरी भरण्यास भिंतीवरच्या चार्जरपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या तासाभरात बॅटरी भरेल असे धरू नये. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी बॅटऱ्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सोडू नयेत, कारण उष्णतेने लिथियम बॅटरी कायमची झिजते, तर थंडीचा परिणाम तात्पुरता असतो. प्रवास संपल्यावर त्या साधारण अर्ध्या भरलेल्या अवस्थेत थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, तिला टोचू नये, आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून अधिकृत सेवा केंद्रात विचारून ई-कचरा संकलनात द्यावी. नाशिकमध्ये घेतलेली ती २६०० एमएएचची बॅटरी मी तेथेच देणार आहे.