डोळा लाल झाला की मेडिकलवरून ड्रॉप आणू नका

गेल्या फेब्रुवारीत आप्पा चोपड्याजवळच्या आमच्या वावरात पऱ्हाट्या उपटत होते, एक काडी सटकन डोळ्याला लागली. पाणी मारलं, रुमालाने पुसलं अन् परत कामाला लागले. संध्याकाळी डोळा लालबुंद. मी म्हटलं जळगावला दाखवून येऊ, तर म्हणे "काही व्हत नही रे, उतरी जाई." दुसऱ्या दिवशी मेडिकलवरून एक ड्रॉप आणला, शेजारच्यांना त्यानेच फरक पडला होता म्हणून. खरंच दोन दिवसात लाली उतरली, आणि तिथेच आम्ही फसलो.

पाचव्या रात्री डोळा उघडेना, उजेड सहन होईना, टॉर्च लावून पाहिलं तर बुबुळावर भाताच्या शितासारखा पांढरा ठिपका.

जळगावच्या डॉक्टरांनी डोळ्याला केशरी रंगाची कागदी पट्टी टेकवली अन् निळा लाईट मारला, तर जखम होती तेवढाच भाग हिरवागार चमकला, मी स्वतः पाहिलं. मग डोळा सुन्न करून खरवडून नमुना घेतला, त्यात बुरशी निघाली. काडी, पातं, भुसा लागला की ही बुरशी जखमेत शिरते. आणि आम्ही टाकत होतो तो ड्रॉप स्टिरॉइडचा! त्याने लाली, ठणका दबतो म्हणून बरं वाटतं, पण डोळ्याची लढायची ताकदही दबते अन् बुरशीला रान मोकळं. मग नॅटामायसिन या बुरशी मारणाऱ्या औषधाचा ड्रॉप, बाटली हलवून दर तासाला, रात्रीसुद्धा. मी अन् माय आळीपाळीने अलार्म लावून उठायचो. अडीच महिन्यांनी जखम भरली, पण फूल पडलं, त्या डोळ्याने आप्पांना आता धुरकट दिसतं.

म्हणून कळकळीने सांगतो, घरातल्या जुन्या बाटल्या काढून बघा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर तो ड्रॉप डॉक्टरने सांगितल्याशिवाय टाकू नका. खूप दिवस टाकला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात बहुतेकदा दुखत नाही, बाजूचं दिसणं हळूहळू जातं अन् गेलेली नजर परत येत नाही. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हाही लोक हेच ड्रॉप टाकत होते, खरं तर ती साथ बहुतेक व्हायरसची, हात धुणं, टॉवेल वेगळा ठेवणं, आठ-पंधरा दिवसात बरी होणारी.

मोतीबिंदूचंही तसंच, "पिकू दे, मग थंडीत काढू" म्हणत मावशीने दोन वर्षं घालवली. आता पिकायची वाट बघावी लागत नाही, उलट जास्त पिकला तर ऑपरेशन अवघड होतं, अन् उन्हाळ्यातही करता येतं. शुगर असेल तर चांगलं दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासा.

वावरात डोळ्याला लागलंच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, मध, तूप, दूध काही घालू नका, अन् त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काही टाकलं असेल तर ती बाटली सोबत न्या.

आमच्याकडे आता विळ्याच्या खुंटीलाच प्लॅस्टिकचे साधे गॉगल टांगलेत, मजुरांसाठी चार जास्तीचे. मक्याच्या मळणीला आप्पा स्वतः एकेकाच्या हातात देतात, अन् तो डोळ्यावर चढेपर्यंत मशीन चालू करू देत नाहीत.