वेदगंगेच्या चिखलातल्या रेघा

मी निपाणीला प्राणिशास्त्र शिकवतो. सुट्टी मिळाली की पँट गुडघ्यापर्यंत वर करून वेदगंगा नदीत उतरतो आणि तळची वाळू चाळतो. गोड्या पाण्यातले शंख-शिंपले हा माझा विषय. २०११ साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा मोठा आढावा निघाला, त्यात या प्राण्यांच्या ७७ जाती तपासल्या होत्या. त्यातल्या आपल्या नद्यांत किती आणि आता उरल्यात किती, हे बघण्यात माझी बरीच वर्षं गेली.

मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस सकाळी सातला एका विद्यार्थ्याचा फोन आला. त्याचं घर बंधाऱ्याच्या अंगालाच आहे. "सर, राती बरगे काढले. नदी पार उतरलीया. शिंपलेच शिंपले उघडे पडलेत बघा."

बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्या. पावसाळ्याआधी ते काढावेच लागतात, नाहीतर पहिल्याच पुरात बंधाऱ्यावर ताण येतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळे बरगे एका रात्रीत काढले की महिनोन्महिने तुंबलेलं पाणी चार-सहा तासांत ओसरतं. मासे पाण्याबरोबर जातात. शिंपल्यांचं काय?

मी पोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. काठापासून मधल्या धारेपर्यंत काळा ओला चिखल पसरलेला, आणि त्यावर बोटानं ओढाव्यात तशा शेकडो रेघा. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक शिंपला. शिंपला चालतो हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. कवचातून जिभेसारखा पाय बाहेर काढायचा, तो चिखलात रोवायचा आणि अंग पुढं ओढायचं. पण अख्खा तळ रात्रभर पाण्यामागं चालत गेलाय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रेघा सुरुवातीला सरळ उताराकडं जात होत्या. पुढं वळत होत्या. काही तर गोल फिरून स्वतःलाच छेदत होत्या. पाणी त्यांच्यापेक्षा वेगानं गेलं होतं.

एक उचलला. तळहाताएवढा, तपकिरी-काळा, कडेला हिरवट झाक. बिजागरीजवळचं साल झिजून आतला मोतिया थर दिसत होता. कवच अर्धवट उघडं होतं, बोट लावताच घट्ट मिटलं. मिटला म्हणजे जिवंत. बोट लावूनही उघडाच राहिला तर संपला. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, आपल्याकडं गोड्या पाण्यात मोत्यांची शेती करतात ती जात. अधूनमधून जाड कवचाचा, बिजागरीपाशी सुरकुत्या असलेला लहान चणीचा पॅरेसियाही सापडत होता.

धुणं घेऊन आलेल्या एक मावशी बघत उभ्या होत्या. "काय हुडकालायसा सर? मोती?"

"मोती न्हाईत मावशी. जित्ते शिंपले गोळा करून डोहात सोडायचेत."

त्यांनी पदर खोचला. "आमच्या सासूबाई ह्यानंच कैऱ्या सोलायच्या. दगडावर घासून मधी भोक पाडायचं." बोलता बोलता त्यांची बादली निम्मी भरलीसुद्धा.

दुपारपर्यंत आम्ही पंधरा-वीस जण झालो. भिजवलेली पोती, पाट्या, बादल्या, जे हाताला लागलं ते घेतलं. पोरं लांबूनच डोहात फेकायला लागली तेव्हा थांबवावं लागलं. शिंपला आधीच दमलेला असतो. तो वाळूत निम्मा रोवून ठेवला तर त्याला लगेच श्वास घेता येतो आणि अन्न गाळता येतं. तो दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतो, म्हणून मला त्याची एवढी काळजी.

त्याच चिखलात मोठी गोल गोगलगाय, पायला, निवांत होती. तिला कल्ला आहे, फुप्फुसही आहे. दाराला झाकण लावून ती चिखलात महिनोन्महिने पडून राहते. टोकदार मेलॅनॉइड्स शंखांचा तर सडा पडला होता. त्यांच्यात माद्या नराशिवाय पिल्लं घालतात, एक उरली तरी वसाहत उभी राहते. घाण पाण्यातही त्या तग धरतात. नदी बिघडली की शंख संपत नाहीत, असे सोशिक तेवढे उरतात.

संध्याकाळी काठावर बसून मापं घेतली आणि मन खट्टू झालं. सगळे मोठेच. चाळणी पुन्हापुन्हा मारली, नखाएवढं पिल्लू एकही नाही. शिंपल्याची पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस काढतात, मग गळून स्वच्छ वाळूत रुततात. योग्य मासा नसेल किंवा वाळू उपसून खाली गाळच उरला असेल, तर पुढची पिढी येत नाही. मोठे शिंपले मात्र वर्षानुवर्षं दिसत राहतात. गावाला वाटतं, नदीत शिंपले चिक्कार आहेत. मलाही तसंच वाटत होतं.

बरगे काढणाऱ्या अण्णांकडं गेलो. एका रात्रीत न काढता तीन दिवसांत थोडे थोडे काढा म्हणालो. ते वैतागले. "एका दिवसात मजूर मिळत्यात. तीन दिवस रोज कोण ईल? आन पाऊस आला तर?" त्यांचंही खरं होतं. मी त्यांना चिखलातल्या रेघा दाखवायला नेलं. ते बराच वेळ एका गोल रेघेकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे हे राच्याला चाललंय व्हय पाण्यामागं?"

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचाच फोन आला. पहिल्या दिवशी वरचा थर, दुसऱ्या दिवशी मधला, तिसऱ्या दिवशी तळचा. मजूर कमी पडले तिथं आमची पोरं गेली. चौथ्या दिवशी सकाळी मी काठावर गेलो. चिखलात रेघा होत्याच, पण बहुतेक सरळ उतारानं जाऊन धारेत शिरल्या होत्या. उघड्यावर राहिलेले शिंपले दोन बादल्यांत मावले.

वाळू चाळली. पिल्लू त्याही वर्षी मिळालं नाही.