आधी यूआरएल की आधी व्ह्यू?

जळगावात संध्याकाळी मुलांना पायथन शिकवतो. जॅंगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला माहिती द्यायची सोय) लिहायचा धडा आला की दर बॅचला एक प्रश्न ठरलेला: "सर, आधी व्ह्यू लिहू की यूआरएल?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. आधी यूआरएल, म्हणजे पत्ता. तोही वहीत, पेनाने.

केळीच्या भावाचंच बघा. रावेर-यावलकडे सकाळी कुणी "केळीचा भाव काय" एवढंच विचारून थांबत नाही. नवतीचा काय, पिलबागचा काय, कांदेबागचा काय, असं विचारतात. मग पत्ताही तसाच हवा: भाव/नवती/. व्ह्यू आधी लिहिणारा मुलगा डेटाबेसच्या टेबलावरून पत्त्याचं नाव ठेवतो, आणि ॲप लिहिणाऱ्याला ते कधीच लक्षात राहत नाही. व्ह्यूचं काय, ते त्या पत्त्यामागचं साधं फंक्शन. रिक्वेस्ट घेतं, रिस्पॉन्स परत करतं. जॅंगोत 'जेसनरिस्पॉन्स'ला एक डिक्शनरी दिली की झालं. (नुसती लिस्ट दिली तर 'सेफ' फॉल्स करावं लागतं. मी डिक्शनरीच देतो, उद्या तारीख घालायची झाली तर जागा राहते.)

यूआरएलच्या ओळी कोणत्या क्रमाने लिहायच्या, यात मात्र माझी चांगली फजिती झाली आहे, तीही वर्गासमोर. फळ्याशेजारच्या पडद्यावर दोन ओळी होत्या. वर भाव/<स्ट्र:प्रकार>/, खाली भाव/आज/. ब्राउझरमध्ये भाव/आज/ उघडलं तर ४०४: "आज या प्रकारची केळी सापडली नाही." मी 'आज'च्या फंक्शनमध्ये प्रिंट टाकला, तो छापलाच जाईना. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फाइल सेव्ह झाली का तेही दोनदा पाहिलं. मागच्या बाकावरून धुळ्याचा एक पोरगा म्हणाला, "सर, आज नावनी केळी कोठे पिकस?"

वर्ग हसला, आणि चूक मला त्याच क्षणी दिसली. जॅंगो 'यूआरएलपॅटर्न्स'ची यादी वरून खाली वाचतो आणि पहिली ओळ जुळली की तिथेच थांबतो. 'स्ट्र'ला तिरकी रेघ सोडून कुठलाही मजकूर चालतो, त्यामुळे त्याच्या लेखी 'आज' हाही केळीचा प्रकारच. नेमके पत्ते वर, सैल पत्ते खाली. दोन ओळींची अदलाबदल केली, काम झालं.

'स्ट्र'ऐवजी 'स्लग' लावला असता तर 'आज' वरच्या ओळीत अडकला नसता, कारण स्लगला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर चालतात. पण मग 'नवती'सुद्धा गेली असती. मी हल्ली पत्ते रोमनमध्येच ठेवतो; देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची रांगच चिकटते.

जुने धडे बघून शिकत असाल तर तिथे पत्त्याची ओळ लिहायच्या 'पाथ' या फंक्शनच्या जागी 'यूआरएल' हे फंक्शन आणि रेगेक्सची (मजकूर जुळवायच्या सांकेतिक चिन्हांची) जाळी दिसेल. 'पाथ' जॅंगो २.० मध्ये, २०१७ साली आलं. ते जुनं फंक्शन ४.० मध्ये काढूनच टाकलंय. तो धडा सोडा.

रेस्ट फ्रेमवर्क (जॅंगोवर एपीआय बनवायचं तयार पॅकेज) मी महिनाभर उघडू देत नाही. मुलं कुरकुरतात. तोवर त्यांना पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरून पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरला माहिती पाठवणारी) करायला लावतो, आणि जॅंगो काय म्हणतो ते मोठ्याने वाचायला सांगतो.