श्वेरीनच्या तलावाभोवती सायकलने जाणार असाल तर

उत्तर जर्मनीतल्या श्वेरीन शहराचा तलाव म्हणजे सगळा सपाट रस्ता, असं मला जो तो सांगत होता. साफ चुकीचं आहे. पूर्वेचा काठ हिमनद्यांनी टाकलेल्या टेकाडांचा आहे. राबेन श्टाइनफेल्ड या गावापासून जो चढ-उतार सुरू होतो तो मांड्या भरून आणतो. मधे झाडी आली की पाणी दिसतही नाही. खडबडीत फरसबंदीवर मनगटं बधिर झाली आणि वारा सतत तोंडावर होता. बारीक टायरची सायकल इथे अजिबात नको.

राबेन श्टाइनफेल्डमध्येच नाझींच्या साक्सेनहाउझेन छळछावणीतून एप्रिल १९४५ मध्ये हाकलत आणलेल्या कैद्यांचं स्मारक आहे. मेच्या सुरुवातीला श्वेरीनच्या आसपास त्यांची सुटका झाली. इथे थांबाच. ती माणसं उपाशीपोटी किती चालली असतील, हे पाय दुखत असताना जास्त कळतं.

तलाव डाव्या हाताला ठेवून निघा, म्हणजे हा टप्पा ताज्या पायांनी पार पडतो. राम्पे या गावाला पोचलात की काय ते ठरवा. तिथून डावीकडे १८४२ चा पाउल्सडाम हा बांध तलाव कापून थेट शहरात नेतो. पूर्ण फेरी ६० किलोमीटरच्या वर जाते. रोजची सवय नसेल तर बांधावरून वळा. उत्तर टोकाला बाड क्लाइनेनचं स्टेशन आहे, तिथून श्वेरीनला गाडी मिळते. सायकलचं तिकीट वेगळं काढा.

भाड्याच्या सायकलीचं सांगून ठेवतो. कुलूप आणि हेल्मेटचे पैसे माझ्याकडून सायकल परत करताना वेगळे घेतले, आधी अक्षरही काढलं नव्हतं. एकूण आकडा आधी लिहून घ्या.

श्वेरीनचा तलावातल्या बेटावरचा राजवाडा मात्र खरोखर पाहण्यासारखा आहे. दहाव्या शतकात इब्राहिम इब्न याकूब या प्रवाशाने तलावातल्या स्लाव्ह गढीबद्दल लिहिलं, ती याच बेटावरची मानतात. ११६० मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश द लायन चालून आला तेव्हा स्लाव्ह राजा निक्लोटने गढी स्वतः जाळली आणि त्याच वर्षी तो मारला गेला. त्याचा मुलगा प्रिबिस्लाव पुढे मेकलेनबुर्ग या इथल्या प्रदेशाच्या राजघराण्याचा मूळपुरुष ठरला. त्या घराण्याने १९१८ पर्यंत राज्य केलं आणि मुख्य दरवाजावर घोड्यावरचा निक्लोट बसवला. हरलेल्याला दारावर असा मान देणारं घराणं मला फार आवडलं. आजचं रूप १८४५ ते १८५७ मधलं. आत राज्याची विधानसभा भरते, आणि २०२४ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

लाखाच्या आत वस्ती असलेली जर्मनीतली ही एकमेव राज्य-राजधानी. जुनं शहर एका दुपारी पायी होतं. कॅथेड्रलचा मनोरा सायकलच्या दिवशी चढू नका, दोनशेच्या वर पायऱ्या आहेत.