फुटबॉलचा नाद आणि वाचायचंही वेड असलं तर

रात्री साडेबाराची मॅच बघितली की मला पुढं झोप येत नाही, त्यात आपली टीम हरली असली तर विषयच संपला. मोबाईल चाळत पडण्यापेक्षा पुस्तक उघडूया असं कधीतरी सुरू झालं आणि आता कपाटातला एक अख्खा कप्पा फुटबॉलचाच झालाय. मित्र सारखे विचारतात काय वाचू, म्हणून एकदाच लिहून टाकतो. स्टार प्लेअर्सची आत्मचरित्रं यात नाहीत हं, ती बहुतेक दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली असतात आणि जे भांडण वाचायला आपण पुस्तक घेतो ते नेमकं चार ओळीत गुंडाळलेलं असतं.

सुरुवात करायची ती निक हॉर्नबीच्या 'फीवर पिच'नं. 1992 चं पुस्तक, लंडनच्या आर्सेनल क्लबच्या एका फॅननं लिहिलेलं, खेळाडूनं नाही, आणि तीच तर मजा आहे. आईवडील वेगळे झालेले, सुट्टीच्या दिवशी पोराला कुठं न्यायचं हे बापाला कळेना, म्हणून सप्टेंबर 1968 मध्ये तो त्याला आर्सेनलच्या हायबरी मैदानावर आर्सेनल-स्टोक मॅचला नेतो. मॅच कसली, पेनल्टी अडवली गेली आणि परत आलेल्या बॉलवर एक गोल, 1-0. पण पोराच्या डोक्यात काय राहतं तर आजूबाजूची माणसं, पैसे देऊन आलेली आणि तरी सगळा वेळ वैतागून स्वतःच्याच टीमला शिव्या घालणारी! हे वाचून मी एकटाच रात्री दोन वाजता हसत बसलो, कारण मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील या आमच्या तालमीच्या टीमच्या मॅचला काकांच्या शेजारी बसून मोठा झालोय आणि काका अख्खी मॅच दुसरं काहीही करत नसत. प्रत्येक प्रकरणावर एका मॅचचं नाव आणि तारीख, म्हणजे शाळा, प्रेम, नोकरी सगळं आयुष्य फिक्स्चर लिस्टवरनं मोजायचं. 1989 ची लिव्हरपूलच्या मैदानावरची, अ‍ॅनफिल्डची मॅच येते तेव्हा (आर्सेनलला लीग जिंकायला दोन गोलनी जिंकणं भाग, आणि मायकल थॉमसचा दुसरा गोल इंज्युरी टाईममध्ये) आपल्याला रिझल्ट माहीत असून पोटात गोळा येतो.

दुसरं, एदुआर्दो गालेआनोचं 'सॉकर इन सन अँड शॅडो'. हा उरुग्वेचा लेखक. एकेक पानाचे, कधी अर्ध्या पानाचे तुकडे आहेत, कुठूनही उघडा. बार्बोसावरचा तुकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. 1950 चा वर्ल्ड कप, रिओचं माराकाना स्टेडियम, कप जिंकायला ब्राझीलला नुसता ड्रॉ पुरला असता, आणि उरुग्वेच्या गिजियानं शेवटच्या अकरा मिनिटांत गोल मारला, 2-1. ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा. त्याला देशानं कधी माफच केलं नाही, 1993 मध्ये म्हातारा बार्बोसा नॅशनल टीमच्या कॅम्पवर शुभेच्छा द्यायला गेला तर त्याला आत घेतलं नाही. त्रेचाळीस वर्षं झाली होती हो!

टॅक्टिक्सचा किडा असेल तर जोनाथन विल्सनचं 'इन्व्हर्टिंग द पिरॅमिड'. जड आहे, खोटं कशाला बोलू, मधली काही प्रकरणं मी उड्या मारत वाचली. पण 1925 ला ऑफसाइडचा नियम बदलला, पुढं समोरच्या टीमचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालेल असं झालं, त्यामुळं डिफेन्सची सगळी मांडणीच कशी हलली, किंवा 1953 ला वेम्बलीवर हंगेरीनं इंग्लंडला 6-3 कसं धुतलं, हे वाचताना कागदपेन घेऊन बसा. हंगेरीचा हिदेगकुटी नंबर नऊ, म्हणजे सगळ्यात पुढं खेळणारा, असून मागं येऊन खेळत होता आणि इंग्लंडच्या सेंटर हाफला कळेना याच्या मागं जाऊ की जागेवर थांबू. आज फॉल्स नाईन म्हणून आपण कॉलर टाईट करतो ते हेच की.

आपल्या देशाचं वाचायचं तर नोवी कपाडियांचं 'बेअरफूट टू बूट्स'. 1950 ला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून भारत वर्ल्ड कपला गेला नाही ही कट्ट्यावरची कथा सोडून द्या, तेव्हा आपल्या फेडरेशनला ऑलिम्पिकच मोठं वाटायचं. आणि 1956 ला मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाला हॅट्ट्रिक मारली, भारत चौथा आला, हे आमच्या पेठेत किती पोरांना माहिती असेल? मेस्सीचे गोल तोंडपाठ असतात.

रोनाल्ड रेंगचं जर्मन गोलकीपर रॉबर्ट एन्केवरचं 'अ लाइफ टू शॉर्ट' मात्र मूड बघून घ्या. डिप्रेशन लपवत बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची मोठी लीग, खेळणारा माणूस, 2009 मध्ये त्यानं आयुष्य संपवलं, आणि लिहिणारा त्याचा मित्रच. मी ते सलग वाचू शकलो नाही, आणि वाचून झाल्यावर एक महिना तरी कुठल्या कीपरला शिवी दिली नाही.

माझी 'फीवर पिच' सध्या एका खंडोबावाल्याकडं (कोल्हापुरातलीच दुसरी टीम) आहे, दोन वर्षं झाली. मागितली की म्हणतो अजून 1989 यायचंय.