पासवर्डाच्या वहीपासून परवानगीच्या चिठ्ठीपर्यंत: आमची वाटचाल

शाहूपुरीतल्या आमच्या पहिल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. एका पानावर एक ग्राहक. वर नाव, खाली ईमेल पत्ता आणि त्याच्या खाली निळ्या शाईत पासवर्ड. २००९ साली मी आणि माझ्या धाकट्या भावानं कोल्हापुरात व्यवसाय सुरू केला, तेव्हापासूनची ती वही. सॉफ्टवेअर साधंच होतं. गुळाचे अडते आणि शिरोली, गोकुळ शिरगावकडचे छोटे फाउंड्रीवाले यांची बिलं तयार करायची, आणि ती त्यांच्याच जीमेलवरून खरेदीदारांना पाठवायची. त्यांच्याच जीमेलवरून पाठवणं महत्त्वाचं होतं. गुजरातेतला व्यापारी आमच्या नावाची मेल उघडणार नाही, आपल्या अडत्याच्या नावाची लगेच उघडेल.

मेल त्यांच्या खात्यातून जायची तर खात्याचा पासवर्ड लागायचा. त्या काळात यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. चांगल्या नावाजलेल्या वेबसाइटसुद्धा "तुमचे मित्र शोधून देतो, ईमेलचा पासवर्ड टाका" असं सरळ विचारायच्या आणि लोक टाकायचे. आमचे ग्राहक तर कागदावर लिहूनच आणायचे. मार्केट यार्डातले एक काका, आमचे अगदी सुरुवातीचे ग्राहक, त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. "ह्योच सगळीकडं हाय ताई, बँकेला बी. लक्षात ऱ्हातोय." मी तो वहीत उतरवून घेतला. त्यांचा माझ्यावर केवढा विश्वास आहे, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

वहीतले पासवर्ड पुढं डेटाबेसमध्ये गेले, आणि खरी अडचण तिथं होती. आपल्याच सॉफ्टवेअरचा पासवर्ड असेल तर तो जसाच्या तसा साठवावा लागत नाही. त्याचा हॅश ठेवायचा, म्हणजे ज्यातून मूळ शब्द परत काढता येत नाही असा ठसा, आणि प्रत्येक लॉगिनला ठसा ठशाशी ताडून बघायचा. पण जो पासवर्ड आपल्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन दाखवायचा आहे, तो मूळ स्वरूपात हाताशी हवाच. कुलूपबंद करून ठेवला तरी किल्ली आपल्याच सर्व्हरवर. हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. दुसरा उपाय आम्ही शोधला नाही, ही आमची चूक होती.

२०१३च्या दिवाळीच्या आधी एका फाउंड्री मालकांचा फोन आला. त्यांच्या खात्यातून त्यांच्या तीन खरेदीदारांना मेल गेली होती, की आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचे पैसे या नव्या खात्यावर भरा. एकानं भरले. मालक ऑफिसात आले. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, माझा पासवर्ड माझ्याकडं आणि तुमच्याकडं. तिसरं कुणाकडं हाय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीन रात्री आम्ही लॉग तपासले. आमच्या बाजूनं काही गेल्याची खूण कुठं सापडली नाही. त्यांनी तोच पासवर्ड आणखी कुठंकुठं वापरला होता, तेही निघालं. पण आमच्याकडून गेला नाही हे मी त्यांना दाखवून देऊ शकत नव्हते. पासवर्ड साठवलेल्या त्या डेटाबेसपर्यंत आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक प्रोग्रामरचा हात पोचत होता, सोडून गेलेल्यांचासुद्धा पोचला होता. ते ग्राहक आमच्याकडून गेले. त्यांची नाराजी रास्त होती असं मी आजही म्हणते.

त्यानंतर भावानं ओऑथ वाचायला घेतलं. पासवर्ड न देता एका ॲपला दुसरीकडच्या खात्यात ठरावीक काम करू देण्याची ही पद्धत. आमच्या दुखण्यावर इलाज काही वर्षं आधीच निघालेला होता. २००६च्या शेवटी ट्विटरमधले ब्लेन कुक आणि इतर काही मंडळींच्या लक्षात आलं, की एका वेब ॲप्लिकेशननं दुसऱ्यातली माहिती पासवर्ड न मागता कशी घ्यावी याचा सगळ्यांना खुला असा नियमच नाही. जो तो आपली वेगळी पद्धत काढत होता. २००७च्या अखेरीस ओऑथची पहिली आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा त्या क्रमांकाचा दस्तऐवज, म्हणून दुसरी. आज "गूगलनं लॉगिन करा" हे बटण दाबल्यावर मागं जे घडतं, त्याचा पाया तीच दुसरी आवृत्ती आहे.

ग्राहकांना ते समजावायला मला मार्केट यार्डातलीच गोष्ट सापडली. अडत्याला गोडाऊनमधून माल काढायचा असतो तेव्हा तो टेम्पोवाल्याच्या हातात गोडाऊनची किल्ली देत नाही, चिठ्ठी देतो. कुणाला द्यायचा, गुळाचे किती रवे, म्हणजे ढेपा, द्यायचे, आजच्या आज. खाली सही. गोडाऊनवाला सही ओळखतो, मोजून माल देतो. ओऑथमधलं टोकन म्हणजे ही चिठ्ठी. ग्राहक आपला पासवर्ड फक्त गूगलच्या पानावर टाकतो, तो आमच्यापर्यंत येतच नाही. गूगल त्याला विचारतं, अमुक कंपनीला अमुक काम करू द्यायचं का? त्यानं हो म्हटलं की ब्राउझरमार्फत आमच्याकडं एक छोटा, थोडाच वेळ चालणारा कोड येतो. तो कोड आणि आमची स्वतःची गुप्त खूण घेऊन आमचा सर्व्हर थेट गूगलच्या सर्व्हरकडं जातो आणि चिठ्ठी घेतो. हा वळसा अशासाठी, की ब्राउझरच्या रस्त्यावर कोणीही डोकावू शकतं. वाटेत नुसता कोड कुणाच्या हाती लागला तरी आमच्या खुणेशिवाय त्याचं टोकन होत नाही. जीमेलवर टोकन तासाभरात संपतं, आणि नवं आणायला आमच्याकडं रिफ्रेश टोकन असतं. ग्राहकानं परवानगी काढून घेतली की तेही निकामी.

२०१४ साली जीमेलचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरनं जीमेलशी बोलायचा अधिकृत मार्ग, आला आणि आम्ही सगळं नव्यानं लिहायला घेतलं. आठ महिने लागले. त्या काळात नवा ग्राहक घेतला नाही, दोघांनी पगार उचलला नाही. घरच्यांना ते पटवणं सोपं नव्हतं.

आमच्या पहिल्या मांडणीतली एक खोट आम्हीच दोन लॅपटॉप एका टेबलावर ठेवून पकडली. एका लॅपटॉपवर परवानगी द्यायची आणि परत येणारा पत्ता अर्ध्यावर अडवून दुसऱ्या लॅपटॉपवर उघडायचा. एकाचं जीमेल दुसऱ्याच्या खात्याला जोडलं गेलं! म्हणजे एका फाउंड्रीची बिलं भलत्याच माणसाच्या मेलबॉक्समधून गेली असती, आणि त्यांच्या प्रती त्याच्या पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये राहिल्या असत्या. आम्ही स्टेट नावाची खूण तपासतच नव्हतो. ज्यानं विनंती सुरू केली तोच परत आला आहे का, हे त्या खुणेवरून कळतं. २००९ साली ओऑथच्या पहिल्या आवृत्तीतच याच जातीची खोट निघाली होती आणि नियम सुधारून घ्यावा लागला होता. नियम करणारे चुकले होते, आमचंही चुकलं, आणि सुधारून घेतलं. पुढं मोबाइल ॲप काढलं तेव्हा ॲपमध्ये गुप्त खूण लपवता येत नाही हे कळून चुकलं, म्हणून ओऑथचीच पीकेसीई नावाची जोड वापरली. त्यात दर वेळी नवी, एकदाच चालणारी खूण बनते.

सगळ्यात मोठा धडा मात्र एका ग्राहकाच्या मुलीनं दिला. ती सीएची आर्टिकलशिप करत होती. वडिलांच्या शेजारी बसून तिनं परवानगीचं पान शेवटपर्यंत वाचलं. त्यावर लिहिलं होतं, की हे ॲप तुमच्या मेल वाचू, लिहू, पाठवू आणि कायमच्या डिलीट करू शकेल. तिनं विचारलं, "बिल पाठवायला मेल डिलीट करायची परवानगी कशाला लागते?"

लागत नव्हती. आम्ही पूर्ण मेलबॉक्सची परवानगी मागितली होती, कारण पहिलं चालतं उदाहरण तसं मिळालं होतं. पासवर्ड मागणं सोडलं, पण मागायची सवय सुटली नव्हती. चिठ्ठीवर रव्यांचा आकडाच लिहिला नाही तर ती किल्लीच झाली की. त्याच आठवड्यात आम्ही फक्त मेल पाठवण्याची परवानगी ठेवली. हिशेबही बरोबर बसला. पुढं संपूर्ण मेलबॉक्स मागणाऱ्यांसाठी गूगलनं सुरक्षेची वेगळी तपासणी लावली, फक्त पाठवणाऱ्यांची पडताळणी त्या मानानं हलकी राहिली. ती मुलगी आज सीए आहे. आमच्या नव्या फीचरची परवानगीची पानं प्रसिद्ध होण्याआधी मी तिला दाखवते.

अडचणी नंतरही आल्या. मध्यंतरी आमच्याकडच्या एका नव्या मुलानं चाचणीसाठी गूगलकडं दुसरा प्रोजेक्ट, म्हणजे ॲपची वेगळी नोंद, उघडला आणि चार ग्राहक चुकून त्यावर गेले. दर आठवड्याला त्यांची बिलं थांबायची, पुन्हा परवानगी दिली की सुरू व्हायची. टेस्टिंग अवस्थेतल्या प्रोजेक्टचं रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपतं, हे शोधायला आम्हाला महिना लागला. त्या चौघांचं महिन्याचं शुल्क आम्ही परत केलं.

३० मे २०२२ हा दिवस मला लख्ख आठवतो. नुसत्या ईमेल आणि पासवर्डावर लॉगिन करणाऱ्या बाहेरच्या ॲपना वैयक्तिक जीमेलची दारं त्या दिवसापासून बंद झाली. बिलाची सॉफ्टवेअर विकणारे माझे ओळखीचे दोघेजण दोन दिवस फोनवरच होते. आमच्याकडं त्या दिवशी एकही तक्रार आली नाही. भावानं चहा मागवला, एवढंच.

बाहेरही वारं बदललं आहे. पूर्वी कर्ज देणारी काही ॲप नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्डच मागायची. आता रिझर्व्ह बँकेच्या २०१६च्या निर्देशांवर उभी राहिलेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली अकाउंट ॲग्रिगेटरची, म्हणजे खातेदाराच्या संमतीनं त्याची बँकेतली माहिती कर्ज देणाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थाची, व्यवस्था आहे. तिथं कुठली माहिती, कशासाठी, किती काळासाठी हे आधी दिसतं आणि नंतर संमती. मधला ॲग्रिगेटर ती माहिती स्वतः वाचू शकत नाही. चिठ्ठीवर मुलीचं नाव लिहून आणणारे ते काका गेल्या वर्षी खेळत्या भांडवलासाठी बँकेत गेले होते. तिथून त्यांनी फोन केला. "ताई, तुमच्यावानीच पान आलंय. किती दिवसांसाठी म्हणून इचारतंय. मी सहाच महिने टाकल्यात." त्या फोनचा मला झालेला आनंद पहिल्या बिलाच्या आनंदाहून कमी नव्हता.

लाल वही आम्ही २०१५ सालीच पान-पान फाडून श्रेडरमध्ये घातली. त्याआधी वहीतल्या प्रत्येक ग्राहकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावला. सगळे फोन मी स्वतः केले. कुणी आमच्याकडून गेलं तर आता आमची सिस्टिम त्याच संध्याकाळी टोकन रद्द करते. तरी आमच्यावर विसंबून राहू नका. तुमच्या गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये तुम्ही कुणाकुणाला परवानगी दिली आहे त्याची यादी असते. आज रात्री पाच मिनिटं काढून ती उघडा. जे ॲप वापरत नाही, ते काढून टाका. त्यात आमचं नाव असेल आणि तुमची बिलं आता दुसरीकडून जात असतील, तर आमचंही.