तुम्ही विचारलंत म्हणून : ऋतू, मन आणि चित्र

“ऋतू बदलला, मन बदलले की तुमची चित्रेही बदलतात का?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पाऊस आला की चित्रकार पाऊस काढतो आणि उदास असला की निळा रंग उचलतो, अशी विचारणाऱ्याची बहुधा समजूत असते. माझा अनुभव निराळा आहे. ऋतू मला विषय फारसा देत नाही. तो उजेड देतो, आणि उजेड बदलला की तीच भिंत, तेच झाड नव्याने काढावेसे वाटते.

थंडीत सूर्य दिवसभर खालूनच जातो, त्यामुळे सावल्या लांबतात आणि खिडकीतले ऊन खोलीत पार आतपर्यंत येते. भर उन्हाळ्यात दुपारी सावली पायाशी गोळा होते आणि माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख बसतो. ढगाळ दिवशी उजेड साऱ्या आभाळातून झिरपतो, सावलीला कड उरत नाही, पण ओली माती आणि ओली साल गडद होते. उजेड कमी म्हणजे रंग फिके, असे आपण धरून चालतो; प्रत्यक्षात पावसाळी चित्राला दाट रंग लागतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातल्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या आणि उजेड सरकला की तो हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेई. गंजीत पाहण्यासारखे असे काय असते? म्हणूनच त्यांतल्या हिवाळी चित्रांत गंजीपेक्षा बर्फावरची निळसर सावली नजरेत भरते.

ऋतू कागदातही शिरतो, हे मात्र कोणी विचारत नाही. दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाहीत. कडा विरघळतात, आणि अर्धवट वाळलेल्या थरावर ओला कुंचला टेकवला तर कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. कोरड्या हवेत उलट मोठे आभाळ रंगवून होण्याआधीच रंग कड धरतो. माझी पावसाळ्यातली चित्रे मऊ दिसतात, त्याचे श्रेय लोक माझ्या मनाला देतात; बरेचसे हवेला द्यायला हवे.

मनाची खूण रंगापेक्षा रेघेत दिसते. अस्वस्थ असले की पेन्सिल कागदात रुतते आणि मी कोपरे भरत सुटते. मन निवांत असले की कागद मोकळा सोडण्याचे धैर्य येते. उदासीत काढलेली माझी चित्रे उदास नसतात, नुसती गच्च भरलेली असतात.

शिवाय पुस्तकांसाठी चित्रे काढायचे काम ऋतू पाहून येत नाही. पावसाची गोष्ट कडक उन्हात काढावी लागते, म्हणून मी वहीत रंगांचे पट्टे ओढून शेजारी नोंद करते : ‘संध्याकाळ, पाऊस थांबल्यावर, आभाळापेक्षा रस्ता उजळ.’ फोटोवर मी फारशी विसंबत नाही, कारण ढगाळ उजेडातला निळसरपणा कॅमेरा पुष्कळदा आपणहून पुसून टाकतो. पट्टे आणि नोंद समोर असली की बाहेर ऊन कितीही असो आणि मन कसेही असो, काम सुरू करता येते.